बाराव्या बाईचा आवाज

आबांनी माझ्या दुकानातला पहिला इअरफोन हातात घेतला, तो कानात घालायला नाही, वजन करायला. तळहातावर ठेवला, हात दोनदा वरखाली केला, बाजूला ठेवला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. पाच-सहा डब्या उघडायला लावल्या. मी म्हटलं, "आबा, अहो, कानात घालून बघा की!" तर म्हणाले, "थांब पोरी, घाई करू नको," आणि तीन इअरफोन मुठीत घेऊन सरळ शेजारच्या सोनारकाकांच्या गाळ्यात शिरले. काकांचा सोनं तोलायचा काटा टेबलावरच असतो. काकाही गिऱ्हाईक नसलं की चेष्टेला तयारच. त्यांनी गंभीर चेहऱ्याने तिन्ही तोलून दिले. आबा परत आले ते निकाल घेऊनच. "हा बांध. याच्यात वजन हाये, म्हंजे जीव हाये."

मला हसू आवरेना. पण गिऱ्हाईक स्वतःहून महागातली वस्तू मागतंय म्हटल्यावर मी कशाला नको म्हणू? दिला बांधून. त्या दिवशी मी जे गप्प राहिले त्याची मला नंतर पुष्कळ लाज वाटली.

माझं दुकान जळगावात एका जुन्या मार्केटच्या तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, दोन वर्षं एका पाइप कंपनीत स्टोअर सांभाळलं, तिथल्या साहेबाशी भांडले आणि हे काढलं. मोबाइलची कव्हरं, चार्जर, वायरी यांवर भाडं निघतं. इअरफोन मात्र माझ्या हौसेचे. त्यातही ते कानात खोल, घट्ट बसणारे, वायर कानावरून मागे घ्यायची असे; कॉलेजची मुलं ज्यांना आयईएम म्हणतात ते. हजाराच्या आतबाहेर आता त्यात फार चांगला माल मिळतो. पण घेणाऱ्याला काय ऐकायचंय हे मी तेव्हा कधी विचारत नव्हते. बजेट किती आणि बेस पाहिजे का, एवढेच दोन प्रश्न. वरातीत डीजेच्या गाडीमागे नाचून वाढलेली आपली माणसं, बेस नको म्हणणारं कोण भेटणार?

आबा फैजपूरकडचे. केळीची बाग. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यात ठिबकच्या नळ्यांचे जोड नाहीतर गावातल्या कुणासाठी घेतलेली औषधं. ठिबकचं सामान न्यायला त्यांना महिन्यातून एक-दोनदा जळगावला यावंच लागे. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या लोकांसारखे तेही ळचा य करत. "जयगावले आलोच व्हतो, म्हनलं पोरीकडे डोकावू." आणि डोकावले की तासभर हलत नसत. पण बसायचे नाहीत. मी स्टूल पुढे केलं की त्यावर पिशवी ठेवत आणि स्वतः उभे राहत. "बसलो की घ्या लागते," असं त्यांचं म्हणणं. केळीच्या व्यापाऱ्यांना आयुष्यभर उभ्याने तोंड दिलेला माणूस, बसला की भावात नमतो असं त्यांना खरोखरच वाटायचं. ओळख जुनी झाल्यावरही ते बसले नाहीत. मी त्यांना म्हणायचे, "आबा, माझ्याकडे काय भाव पाडून घ्यायचाय तुमचा?" तर हसायचे आणि या पायावरचा भार त्या पायावर घ्यायचे.

आठ-दहा दिवसांनी आबा पुन्हा आले. डबी माझ्यापुढे ठेवली. "पोरी, याच्यात एकटा ढोलकीवाला हाये. बाया कुठी गेल्या?"

माझं डोकं त्या दिवशी आधीच तापलेलं होतं. मी मागच्या पाटीकडे बोट केलं. कानात घातलेला माल परत घेतला जाणार नाही, असं मीच लाल अक्षरांत लिहून लावलंय. म्हटलं, "तुम्हीच तोलून नेलात ना? काकांना विचारा जाऊन."

आबा चिडले नाहीत. "तू म्हनते ते बराबर हाये. घडाचं सांगतो मी. घड उचलला की वजनावरून कयते आतमधी काय हाये. मले वाटलं सगयीकडे तसंच असते." मग म्हणाले, "परत नको घेऊ. पन बाया कुठी गेल्या ते तं सांग."

कोणत्या बाया, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

आबांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. मुलीचा, सुरेखाचा, जुना. काचेला तडा गेलेला. त्यात एकच गाणं होतं. गावात सप्ताह झाला तेव्हा महिला मंडळाचं भजन झालं, ते सुरेखाने समोर बसून फोनवर भरून घेतलं होतं. पेटी, ढोलकी, टाळ आणि बारा बायका. बाराव्या अक्का, म्हणजे आबांच्या मंडळी. आबा त्यांना कधी नावाने बोलावत नसत, 'सुरेखाची माय' म्हणत.

गोष्ट अशी होती. अक्का धुळ्याकडच्या. लग्न होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली तरी त्यांची अहिराणी सुटली नव्हती, आणि आवाजही तिकडचाच राहिला होता, मोकळा, उंच, लांब जाणारा. कापूस वेचताना गायच्या, भाकरी थापताना गायच्या, बागेत निंदायला बसल्या की गायच्या. केळीची बाग वाढली की आतलं माणूस दिसत नाही. आवाजावरून आबांना कळे की ही आता कितव्या ओळीत आहे. जेवणाची हाक मारली तर पलीकडच्या शेतातले लोकही डबे सोडायचे, असं आबा मोठ्या अभिमानाने सांगत. सप्ताहाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या मुख्य बाई अक्कांना म्हणाल्या, तुमचा आवाज शेतातला आहे, माईकमध्ये फाटतो, सगळ्यांचं बिघडवतो. तुम्ही टाळ धरा आणि नुसते ओठ हलवा. चार बायकांसमोर म्हणाल्या.

अक्का भांडल्या नाहीत. टाळ धरला, ओठ हलवले, घरी आल्या. आणि त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं. भजनातलं तर सोडलंच, पण चुलीपुढचं, शेतातलं, सगळं. आबा सांगत होते, "दोन वर्षं झाली. घरात भांडं पडलं तं आवाज व्हते, नही तं नही. मी म्हनतो ती हाये त्या गान्यात. ती म्हनते नही. मले एकदा सापडू दे. म्हनजे तिले दाखवतो, पाह्य, तू गायली, अन् काही बिघडलं नही कोनाचं." हे बोलताना ते माझ्याकडे न बघता मोबाइलच्या कव्हरांकडे बघत होते.

झालं. माझा सगळा राग तिथंच विरला. मी तो वजनदार इअरफोन स्वतःच्या कानात घालून ते भजन ऐकलं. आबांचं बरोबर होतं. ढोलकीचा धमाका असा, की बायका भिंतीपलीकडे बसल्यासारख्या. "किती बाया आयकू आल्या?" त्यांनी विचारलं. मी मन लावून मोजल्या. चार.

तेव्हापासून तीच आमची परीक्षा ठरली. केळीच्या घडाला किती फण्या हे आबा लांबून मोजत, तशा आता बायका मोजायच्या. मी दुकानातल्या एकेका मॉडेलचा एक नग उघडा ठेवला, रबरं पुसायला कापूस आणि स्पिरिट आणलं, आणि पाटीवर कव्हरं टांगून ती झाकून टाकली. आबा आले की आधी ते ऐकत, मग मी. एकात पाच, एकात सहा. एकात बऱ्याच ऐकू येत पण 'स'चा असा काही फुत्कार, की आबांनी तो कानातून झटकनच काढला. "याच्यात बाया नही, साप हायेत!" एक बिनवायरचा दाखवला तर तो त्यांच्या हातून निसटून काउंटरखाली गेला, आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होतो. वर येऊन म्हणाले, "वायरचाच बरा. म्हैस तं दाव्याले बांधेल पाहिजे."

शेवटी राहिला तो दुकानातला सगळ्यात साधा. पारदर्शक प्लॅस्टिकचा, आतले तारांचे तुकडे दिसायचे, आणि वजनाला काहीच नाही. आबांनी तो चिमटीत धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना पोचट शेंग विकतेय. "हा? अगं हा तं फुंकला तं उडीन."

"घाला हो कानात! आता काकांकडे न्याल तर बघा," मी म्हटलं.

त्याचा आवाज आधी पातळच लागला. मग माझ्या लक्षात आलं, तो बसलाच नव्हता. या इअरफोनचं सगळं त्या टोकाच्या रबरावर असतं. रबर मापाचं नसलं, फट राहिली, की चांगला नगही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, आणि माणूस नगाला नावं ठेवतो. आबा त्या रबरांना टोपडी म्हणत, बाळाच्या डोक्याला बांधतात ते टोपडं. त्यांचे दोन कान दोन मापांचे निघाले. उजव्याला मोठं टोपडं, डाव्याला मधलं. "एका झाडाचे दोन घड सारखे नसतात," म्हणून त्यांनी ते लगेच मान्य केलं. वायर कानावरून मागे घेतली, जरा पिळून आत बसवलं, आवाज निम्म्यावर आणला आणि भजन लावलं.

आबा उभेच होते. डोळे मिटलेले, बोटं हलतायत. एक, दोन, तीन. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. नऊला थांबली. मग दहा. अकरा. मग बराच वेळ काही नाही. आणि एकदम आबा ओरडले, "ही पाह्य! ही पाह्य! सापडली!"

असे ओरडले की जिन्यावरची माणसं वाकून बघायला लागली. कानात घट्ट काही बसलं की स्वतःचा आवाज स्वतःला कळत नाही, माणूस केवढ्याने बोलतोय हे त्याला समजत नाही. हे मी रोज बघते. पण आबांचं ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

मग त्यांनी मला ऐकवलं. शेवटून दुसरं कडवं. तिथली ओळ लांबलचक आहे, आणि ती संपायच्या आत सगळ्या बायका दम घेतात. मुख्य बाईसुद्धा. अकरा जणी थांबतात, आणि त्या एवढ्याशा फटीत एक आवाज राहतो. मोकळा, उंच, जरा खरखरीत. तो ओळ शेवटपर्यंत नेतो, सोडत नाही, आणि मग बाकीच्या येऊन त्याला झाकून टाकतात. फार तर दोन सेकंदांचं काम.

"बाकीच्यायचा दम तिथी संपते," आबा म्हणाले. "हिचा नही संपत. चायीस वर्षं बागात हाका मारेल हायेत तिनं मले. ती विसरली असीन तेवढ्यात. ओठ हलवता हलवता विसरली असीन." टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते, पण मी बिल करायचं निमित्त करून खाली बघितलं.

तो साधा इअरफोन त्यांनी नेला. आधीचा वजनदार मी परत घेतला, त्यांनी नको नको म्हटलं तरी. एवढं तरी माझ्याकडून व्हायला हवंच होतं.

पुढच्या खेपेला आबा आले ते तोंड पाडून. "पोरी, डावीकडची बाजू मुकी झाली." मी टोपडं काढलं, बघते तर आतली बारीक जाळी तेलाने चप्प भरलेली, आणि वास लसणाचा! "आबा, कानात काय घालता तुम्ही?" तर म्हणाले, "काय घालतो म्हंजे? तेल. लसून कडवून. शनिवारचं. कान साफ राह्यला पाहिजे ना, आता एवढं महत्त्वाचं आयकाचं असते." म्हणजे इअरफोनसाठी म्हणून ते जास्तच तेल घालायला लागले होते! मी कपाळावर हात मारला. समजावून सांगितलं, की या जाळीतूनच आवाज येतो, ती बुजली की संपलं. आबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे ड्रिपर चोकअप झाला म्हन की! मंग त्याच्यात ॲसिड सोडायचं का?"

"ॲसिड?" मी ओरडलेच. ठिबकच्या नळ्या बुजल्या की शेतकरी त्यात ॲसिड सोडून धुतात, ते यांच्या हातातलं काम. घरी जाऊन यांनी खरंच सोडलं असतं. मी जाळी बदलून दिली, वर एक मऊ ब्रश दिला, आणि शनिवारचं तेल बंद करण्याची शपथ घ्यायला लावली. आबांनी शपथ घेतली, पण गळ्याची नाही, केळीच्या बागेची घेतली. पुन्हा बाजू मुकी झाली नाही.

एकदा ते अक्कांना घेऊन आले. ठेंगणी, काटक बाई, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट, हातात पिशवी. अक्का स्टुलावर बसल्या. बसल्या त्या माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. मी धुळ्याला राहिलेली, त्यांच्याशी मोडकीतोडकी अहिराणी बोलले तर जरा हसल्या. पण आबांनी इअरफोन पुढे केला तशी मान फिरवली.

"मी त्यामा नही शे," अक्का म्हणाल्या. "मी नुस्ता ओठ हालाडात."

"अगं, एकदा आयक तं."

"माले नही आयकनं. बाया हासतीन. तुम्हीबी हासशात."

"मी हासलो का कधी तुले?" आबांनी विचारलं. अक्कांनी पदर आणखी पुढे ओढला. आबा त्यांच्या पाठीमागे, तो इअरफोन हातात तसाच धरून उभे होते. मग म्हणाले, "बरं. नको घालू. मी हाये आयकायले," आणि वायरीची नीट गुंडाळी करून डबीत ठेवली. मला त्या क्षणी अक्कांचा इतका राग आला म्हणून सांगू! आणि त्यांच्यावर राग काढायचा नाही हेही कळत होतं, कारण पदराच्या टोकाला त्या सारख्या पीळ देत होत्या.

जायच्या आधी आबा मागे राहिले. हळूच म्हणाले, "पोरी, सगयात बारीक टोपडी एक जोड दे. तिचे कान बारीक हायेत, माझी तिले बसायची नही." मी पुडी दिली तर ती त्यांनी मलाच परत दिली. "तुझ्यापाशी ठेव. घरी ठेवली तं ती फेकून देईन. येईन ती एक दिवस." मी पुडीवर पेनाने 'अक्का' लिहिलं आणि गल्ल्याच्या शेजारच्या खणात टाकली.

त्यानंतर आबा दोनदाच आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा दम लागत होता, जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. मी म्हटलं, "आता तरी बसा हो." आणि आबा बसले. पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसले. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. मी विचारलं, ऐकलं का अक्कांनी? त्यांनी मान हलवली. "नही. पन मी रोज जेवताना तिच्यापुढं बसूनच आयकतो. ती म्हनते कान खराब होतीन तुमचे. म्हनलं, होऊ दे." आणि हसले.

पुढचे तीन-चार महिने आबा दिसले नाहीत. मी मनात म्हणत होते, केळीची कापणी असेल, नवीन रोपं लावत असतील. मग ठिबकच्या दुकानातला माणूस चार्जर घ्यायला आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "फैजपूरचे आबा? ते तर गेले की, दिवाळीच्या आधीच. हार्टचं होतं." त्याने चार्जर घेतला, गेला. मी शटर अर्धं ओढून त्या स्टुलावर बसून रडले. सोनारकाका आले, काही न विचारता पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

आता माझ्याकडे कुणी पहिल्यांदाच इअरफोन घ्यायला आलं, की मी बजेट नंतर विचारते. आधी विचारते, तुम्हाला कोणाचा आवाज ऐकायचाय? मुलं गोंधळतात, काही जण हसतात. मी म्हणते, पाठ असलेलं एक गाणं लावा, ज्यात पुष्कळ माणसं एकदम गातात असं, आणि माणसं मोजा. आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका. टोपडी तिन्ही मापांची लावून बघा, दोन्ही कानांना वेगवेगळी लागली तर लाजू नका. आणि हातात घेऊन तोलू नका. शेवटचं का सांगते ते कोणाला कळत नाही, सोनारकाकांना तेवढं कळतं.

परवा दुपारी अक्का आल्या. एकट्या, एसटीने. पदर तसाच घट्ट, पण कपाळ मोकळं. त्यांनी पिशवीतून आबांची ती डबी काढली आणि तडा गेलेला फोन काढला, दोन्ही काउंटरवर ठेवले. वायरीची गुंडाळी आबांच्या हातची होती, तशीच.

"ते रोज काय आयकेत, ते माले आयकनं शे," अक्का म्हणाल्या. "घर मा घाली देखं. बसत नही. मना कान धाकला शेतस."

मी खण उघडला. पुडी तिथंच होती, चार्जरच्या पिनांखाली. मी ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "आबांनी ठेवून दिली होती. तुमच्या मापाची." अक्कांनी पुडीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत होतं की नाही कोण जाणे.

मी टोपडी बदलली, जाळी पुसली, वायर त्यांच्या कानांवरून मागे घेतली. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. भजन लावलं. अक्का स्टुलावर बसल्या होत्या, या वेळी माझ्याकडे तोंड करून. मला ते भजन आता पेटीच्या पहिल्या सुरापासून पाठ आहे. बाहेर काही ऐकू येत नव्हतं तरी त्यांच्या मानेच्या डुलण्यावरून मी ओळी मोजत होते. पहिलं कडवं. दुसरं. शेवटून दुसरं आलं. अक्कांनी डोळे उघडले, आणि समोर काही नसताना बघत राहिल्या. भजन संपलं. त्यांनी बोटाने खूण केली, परत.

दुसऱ्यांदा लावलं. डोळे मिटलेले. मांडीवरचे हात टाळ धरल्यासारखे झाले. आधी नुसते ओठ हलत होते. ती लांब ओळ आली, आतमध्ये अकरा बायकांनी दम घेतला असेल, आणि अक्का गायला लागल्या.

मोठ्याने. अगदी मोकळ्या गळ्याने, केळीच्या बागेतून हाक मारावी तशा. आपण गातोय हे त्यांना कळत नव्हतं, कानात टोपडी घट्ट बसलेली. आवाज जिन्यावरून वर चढला, मार्केटमधल्या गाळ्यांतून फिरला. सोनारकाका काटा सोडून दारात आले. कव्हर घ्यायला आलेल्या दोन मुली बाहेरच थांबल्या. कोणीतरी बोलायला गेलं तर मी ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. अक्कांनी ती ओळ शेवटपर्यंत नेली, सोडली नाही, आणि पुढचं अख्खं कडवं म्हटलं.

मग त्यांनी डोळे उघडले. एवढी माणसं बघून दचकल्या आणि एका कानातलं काढलं.

"काय व्हयनं व माय? बठ्ठा मनाकडे काय देखी राहिनात?"

"काही नाही अक्का," मी म्हटलं. "ती डावी बाजू नीट वाजते की नाही, तेवढं बघायचंय. परत एकदा लावते. घाला बरं कानात."